धूपछावमध्ये काय दिसतं?

चित्रकलेच्या सरांना विचारा : वाचकांचे प्रश्न, सरांची उत्तरं

प्रश्न : सर, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. वय 61. माहेर येवल्याचं, वडील आणि काका पैठणीच्या मागावर बसायचे. 2019 साली मुंबईला लेकीकडे गेले होते, तेव्हा जावयांनी मोठ्या हौसेनं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेलं. तिथं वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. एका चित्रासमोर कॉलेजातली एक मुलगी बसली होती. आम्ही सगळं फिरून आलो तरी ती तिथंच. मी तिच्यामागं उभी राहून बघितलं. मला रंग दिसला, बाकी काही नाही. देव नाही, माणूस नाही, झाड नाही. पाटी वाचावी तर तिच्यावर 'शीर्षक नाही' एवढंच. जावयांनी विचारलं, "कसं वाटलं, आई?" मी म्हटलं, "छान आहे." ते खोटं मला अजून टोचतं. आता नात आठवीत आहे, चित्रकलेची परीक्षा देणार आहे. ती विचारते, आजी, अमूर्त चित्र बघायचं कसं? मी तिला काय सांगू?

उत्तर : ताई, सासूनं जावयापुढं 'छान आहे' म्हणणं याला खोटं म्हणत नाहीत, रीत म्हणतात. ते सोडून द्या.

आता माझी कबुली ऐका. मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना किती मुलं बसवली याचा हिशोब नाही. रविवारी सकाळी बोर्ड मांडीवर घेऊन गोदाघाटावर जलरंग. आपल्या नाशिकला जलरंगाचं वेडच आहे. शिवाजी तुपे यांच्यासारखा माणूस ज्या गावात रंगवून गेला, तिथं दुसरं काय होणार? ओला कागद, नारोशंकराचं देऊळ, पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बाया, पाण्यात पडलेली सावली. आमच्या घोळक्यात एक ठरलेला विनोद होता : ज्याला माणसाचे हात काढता येत नाहीत तो अमूर्त चित्रकार होतो. मी त्यावर मोठ्यानं हसायचो. मला स्वतःला हात कधीच नीट जमले नाहीत हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

तुम्ही पाहिलंत तेच प्रदर्शन बघायला मीही गेलो होतो. एका जुन्या विद्यार्थ्यानं आग्रह केला म्हणून, पंचवटी एक्स्प्रेसनं, डब्यात पोळी-भाजी घेऊन. पहिली वीसेक मिनिटं अगदी फुकट गेली. कारण मी शोधत होतो. डावीकडं ती होडी असेल का? वर पुसट आहे तो चंद्र का? ढगात हत्ती शोधतात तसं. एखादा हत्ती सापडलाच तर क्षणभर बरं वाटायचं, मग लगेच कंटाळा. मग मी चित्रांऐवजी माणसं बघायला लागलो. शिक्षकाची खोड! घड्याळावर धरून मोजलं : लोक चित्रापुढं चार-पाच सेकंद थांबत होते आणि पाटीपुढं दहा. त्या पाटीवर तुम्ही म्हणता तसं वाचण्यासारखं काहीही नसताना.

दालनात खुर्चीवर एक रखवालदार बसला होता, बोलण्यावरून भुसावळकडचा वाटला. माझी चुळबुळ बघून म्हणाला, "समोरून झालं असेल तर बाजूनं बघा साहेब." मी विचारलं, बाजूनं काय दिसतं? तर म्हणे, "आम्ही रोज बाजूनंच बघतो. खुर्ची इकडं आहे ना."

मी भिंतीजवळ गेलो, गाल जवळजवळ भिंतीला लागेल इतका, आणि चित्र तिरकं बघितलं. तिथं माझं चित्र सुरू झालं. समोरून जो एकसंध रंग वाटत होता तो बाजूनं मुळीच एकसंध नव्हता. कुठं रंग जाड साचलेला, कुठं इतका खरवडलेला की कॅनव्हासची वीण दिसावी. काही ठिकाणी अशा कडा की जणू तिथं काहीतरी चिकटवून नंतर उचललं असावं. आणि ते तसंच आहे. गायतोंडे ब्रशवर फारसे विसंबत नसत. रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग लावायची-खरवडायची बोथट सुरी, ही त्यांची हत्यारं. वर्तमानपत्राचे, मासिकांचे कागद फाडायचे, रंगात माखून कॅनव्हासवर ठेवायचे, दाबायचे, उचलायचे. एक थर द्यायचा, तो थोडा काढायचा, त्यावर दुसरा. त्यामुळं खालचा रंग वरच्यातून झिरपतो आणि चित्रातच कुठंतरी दिवा लावल्यासारखं वाटतं.

हे कळल्यावर मला गोदाकाठचा आमचा भांडीबाजार आठवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला होता. तुम्ही नाशिकच्याच, नदीतल्या दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती बुडाली म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पाणी ओसरल्यावर मी चिखल तुडवत घाटाकडं गेलो होतो. भिंतींवर गाळाच्या रेघा : सगळ्यात वरची फिकट, खालची दाट, मध्ये कुणी फडक्यानं पुसलं तिथून मूळचा निळा रंग डोकावतोय. त्या भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढलं, किती वेळ थांबलं, कसं उतरलं हे सगळं लिहिलेलं होतं, आणि चित्र म्हणावं तर कशाचंच नव्हतं. गायतोंडे यांनी पुराची भिंत काढली असं मी म्हणत नाहीये, हे कृपया लक्षात घ्या, नाहीतर तुमची नात परीक्षेत तसं लिहून येईल. मी एवढंच म्हणतोय की दोन्हीकडं नजर एकाच रस्त्यानं जाते : आधी काय लागलं, मग काय लागलं, कुठं पुसलं गेलं, कुठं हात थांबला. 'हे काय आहे' असं विचारलं की अमूर्त चित्र तोंड मिटून बसतं. 'हे कसकसं होत गेलं' असं विचारा, ते बोलायला लागतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही येवल्याच्या आहात, मागावरच्या घरातल्या आहात, आणि मला विचारताय की नुसता रंग कसा बघायचा? ताई, तुमच्या वडिलांनी धूपछाव विणली असेलच. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. हिरव्यावर जांभळा किंवा लालवर पिवळा. साडी घडीत एक रंग दाखवते, हाताखाली वळली की दुसरा. सांगा बरं, धूपछावमध्ये काय दिसतं? मोर पदरावर, नारळी काठाला, बुट्ट्या अंगावर. पण बुट्ट्यांच्या मधल्या त्या मोकळ्या अंगात काय आहे? देव नाही, माणूस नाही, झाड नाही. तरी जाणती बाई दुकानात ती साडी दाराशी उजेडात नेते, तिरकी धरते, मुठीत थोडी चुरगाळून सोडते आणि पदर उलटा करून बघते, कारण हातमागाची खरी वीण पाठीमागूनही तेवढीच स्वच्छ असते. (योगायोग असा की गायतोंडेही आपली सही बहुतेकदा पाठीमागं करत, पुढं चित्रावर नाही. त्या कॅनव्हासची पाठ कुणी आपल्याला दाखवणार नाही ही गोष्ट वेगळी.) हे सगळं बघणं तुम्हाला उपजत येतं. संग्रहालयात शिरताना मात्र देवळाबाहेर चप्पल काढावी तसं तुम्ही ते बाहेर ठेवून आत गेलात.

गाण्यातल्या आलापाचा अर्थ कोण विचारतं, हा दाखला या विषयावर सगळेच देतात. म्हणून मी देत नाही.

नातीला माहिती हवी असेल तर थोडक्यात देतो. गायतोंडे यांचा जन्म 1924 चा, नागपूरचा. घराणं मूळ गोव्याचं. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी 1948 साली पदविका घेतली. सुरुवातीला ते आकृतीच काढत, आपल्याकडच्या लघुचित्रांसारखी सपाट रंगांची, रेषेची माणसं. पुढं पॉल क्ले या चित्रकाराचा प्रभाव पडला आणि आकृती एकेक करून गळत गेल्या. म्हणजे हात काढता येत नव्हते वगैरे आमचा विनोद इथं साफ पडतो. 1964 साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. 1971 मध्ये पद्मश्री, 1972 पासून मुक्काम दिल्लीत. 1984 मध्ये मोठा अपघात झाला आणि पुढं काही वर्षं मोठे कॅनव्हास हाताळता येईनात, तर कागदावर शाईची लहान रेखाटनं केली. 2001 साली गेले. वर्षाकाठी पाच-सहाच चित्रं व्हायची. बाकीचा वेळ काय करायचे? बघत बसायचे, विचार करत बसायचे. चित्रकार स्वतः इतका वेळ बसलेला, आणि आपण चार सेकंदांत निकाल लावतो.

आणखी एक. 'अमूर्त' हा शब्द त्यांना स्वतःला पसंत नव्हता. ते आपल्या चित्राला 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे ज्याच्या मुळाशी वस्तूच नाही असं. फरक बारीक आहे पण नातीला कळेल. झाड घेतलं, त्याची पानं काढली, फांद्या सरळ केल्या, शेवटी तीन रेघा उरल्या, हे झालं अमूर्त करणं. गायतोंडे झाडापासून निघतच नाहीत. म्हणून त्यांच्या चित्रात झाड शोधणं हे रिकाम्या विहिरीत पोहरा टाकण्यासारखं. झेन हा बौद्ध ध्यानाचा पंथ आणि मुंबईचे अद्वैती संत निसर्गदत्त महाराज यांची नावं त्यांच्या संदर्भात नेहमी येतात, आणि ते खरंही आहे. पण मी ती मुद्दाम शेवटी ठेवली. कारण ती आधी ऐकली की लोक चित्रासमोर डोळे मिटून उभे राहतात.

नातीला सांगा : दालनात गेल्यावर सगळी चित्रं बघायची नाहीत. एक फेरी भरभर मारायची, ज्याच्याशी पाऊल अडखळेल ते एक निवडायचं. ते आधी लांबून, मग बाजूनं, मग पुन्हा लांबून बघायचं. सर्वांत शेवटी लागलेला रंग कुठला असेल याची पैज लावायची, तुम्ही दोघींनी. आणि घरी एक संध्याकाळ कार्डपेपरवर पोस्टर कलरचा जाड थर देऊन, ओला असतानाच त्यावर पेपरचा फाटका तुकडा दाबून उचलू द्या. फरशीवर आधी जुनी चादर टाका. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिला कळेल की कागद उचलल्यावर जे उरतं ते अर्धं आपलं असतं आणि अर्धं नशिबाचं, आणि त्यातलं काय ठेवायचं हे ठरवायलाच सगळा वेळ लागतो.

त्या बाकावरच्या मुलीबद्दल म्हणाल, तर ती कदाचित पाय दुखतात म्हणूनही बसली असेल. आपण उगाच दबून जातो.

प्रश्न : माझा पाच वर्षांचा मुलगा भिंतीवर असेच फराटे मारतो. मग त्याचं प्रदर्शन का नाही? (पंचवटी)

उत्तर : हा प्रश्न दर महिन्याला एक तरी येतो, आणि विचारणाऱ्याला वाटतं आपणच पहिले. तुमच्या मुलाचं प्रदर्शन भिंतीवर लागलेलंच आहे, त्याला चुना लावू नका.

पण उत्तर द्यायचं तर असं. पाच वर्षांचं मूल रंग घालतं ते सुंदरच घालतं. ते काढत मात्र नाही. कागद हातातून ओढून घेतला नाही तर हिरवा, लाल, निळा सगळे एकावर एक जाऊन शेवटी शेणासारखा रंग होतो आणि कागद फाटतो. हे मी हजार वेळा बघितलंय. कुठं थांबायचं हे त्याला नको असतं, त्याला रंगवायचं असतं. चित्रकाराची सगळी मेहनत त्या थांबण्यात आहे. आणि एक चित्र जमलं तर पुढचं वर्षभर त्याच वाटेनं चालत राहणं, हे मुलाला सांगून बघा.

मात्र मुलांच्या बाबतीत माझंही एक पाप आहे, ते इथं सांगून टाकतो. इंटरमिजिएटच्या सरावाला मी स्मरणचित्राचा विषय दिला होता, 'पावसातला बसथांबा'. एका मुलानं सगळा कागद करडा केला. वरून खाली ओघळ, मध्ये एक लालसर डाग. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "माणसं कुठायत?" तो म्हणाला, "सर, दिसत नव्हती. बसच दिसली, ती पण जवळ आल्यावर." वर्ग हसला. मी त्याला चौकटीत चार माणसं छत्री घेऊन उभी करायला लावली, कारण परीक्षकांना माणसं लागतात. त्यानं केली. चांगली ग्रेडही मिळाली. ती करडी पहिली प्रत मी ठेवून घ्यायला हवी होती, रद्दीत गेली.

प्रश्न : एका चित्राला 23 कोटी? हा काळ्या पैशाचा खेळ नाही का? (कॉलेज रोड)

उत्तर : तुम्ही म्हणताय तो लिलाव 2013 च्या डिसेंबरमधला, मुंबईत ख्रिस्तीज् या कंपनीनं केलेला. गायतोंडे यांचं 1979 सालचं चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं. चित्रकार त्याआधी बारा वर्षं वारलेला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. भाव का चढतात हे मला विचारू नका; थोडी निघालेली चित्रं आणि पुष्कळ झालेले श्रीमंत, एवढं गणित मलाही जमतं. पण द्राक्षाचा भाव पडला म्हणून द्राक्ष आंबट होत नाही, हे आपण नाशिककरांनी तरी विसरू नये. संग्रहालयात जाताना किमतीचा आकडा डोक्यातून काढा, नाहीतर रंगाऐवजी नोटाच दिसतील.

प्रश्न : मी सातपूरला कंपनीत आहे. सुटी फक्त सोमवारी. अशी चित्रं बघायला एका दिवसात मुंबईला जाऊन येणं जमेल का? आणि नाशिकमध्येच काही बघता येईल का? (सातपूर)

उत्तर : जमेल. सकाळची पंचवटी पकडा, सीएसएमटीला उतरा, तिथून काळा घोड्यापर्यंत चालत जा. टॅक्सी करू नका. फोर्टच्या इमारतींची दगडी कामं बघत गेलं की डोळे तयार होतात. पण तुमची सुटी सोमवारची, आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए, सोमवारी बंद असतं. वाईट वाटतं, कारण ती जागाच बघण्यासारखी आहे. सर कावसजी जहांगीर सभागृह होतं ते. 1996 पासून तिथं संग्रहालय आहे. अर्धगोल मजले एकावर एक चढत जातात आणि जिन्यावरून खालचं चित्र वरूनही दिसतं. एखादी रजा टाकून जा कधीतरी. सोमवारी समोरच शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. त्यात जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं वेगळं दालन आहे, आधुनिक भारतीय चित्रांचं. प्रदर्शनं बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून काय लागलंय ते विचारा. शेजारी जहांगीर आर्ट गॅलरी, 1952 पासूनची. तिथं तिकीट नाही आणि चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला बिनधास्त विचारा, आधी कुठला रंग लावला. 'याचा अर्थ काय' विचारलंत तर तो वैतागेल. 'हा खरवडला कशानं' विचारलंत तर चहा पाजेल.

मोठी पिशवी नेऊ नका, काउंटरवर ठेवावी लागते आणि परत येताना रांग. डबा मात्र न्या. जेवल्यावर लगेच चित्रं बघू नयेत, झोप येते. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझा अनुभव आहे.

नाशिकमध्ये कुसुमाग्रज स्मारकात प्रदर्शनं भरतात, बहुतेक निसर्गचित्रांची, मधूनच एखादं वेगळं. पण नजर तयार करायला मी तुम्हाला चित्राकडं पाठवणारच नाही. पावसाळा ओसरला की एका सकाळी पांडवलेणी चढा. गर्दी जिथं थांबते त्या कोरीव खांबांपाशी थांबू नका. एखाद्या साध्या, काही न कोरलेल्या विहारात शिरा आणि कोपऱ्यात दहा मिनिटं बसा. छिन्नीचे तिरके घाव, त्यावर शतकांचा ओलावा, कुठं पांढरे क्षार, कुठं शेवाळ वाळून काळं पडलेलं, दारातून येणारा उजेड आत येता येता विझत जातो तो. भिंतीवर काही नाही. दहा मिनिटं टिकलात तर मुंबईला जाण्यात अर्थ आहे. तिसऱ्या मिनिटाला मोबाइल काढलात तर आधी आणखी दोन रविवार... चुकलो, सोमवार तिथंच घालवा.

मुंबईहून परतीची पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते. संग्रहालय सहाला बंद होतं, तेव्हा पाचच्या आत निघा, नाहीतर फोर्टमधून धावत स्टेशन गाठावं लागेल. मी गाठलंय, सत्तरीला टेकलेल्या माणसानं करू नये असं ते दृश्य होतं. दालनात खुर्चीवर तो भुसावळकडचा रखवालदार अजून असेल तर त्याला नाशिकच्या सरांचा नमस्कार सांगा, आणि हल्ली कुठल्या बाजूनं बघतोस ते विचारून मला कळवा.